मशीन बंद, वाट उघडी

धाराशिव जिल्ह्यात शेतीची थ्री फेज लाइट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की बालाघाटाच्या रांगेतल्या भूम-वाशीच्या शेतकऱ्याने जेवण उरकून, बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीची वाट धरायची. मोटार चालू करायची, दारे धरायचे आणि मधेच लाइट गेली की अंधारात बसून राहायचे. लाइट परत आली तरी मोटार आपोआप फिरत नाही, कारण स्टार्टर पडलेला असतो. कुणीतरी जाऊन हिरवे बटण दाबल्याशिवाय पाणी वर येत नाही. एका बटणासाठी अंधार तुडवत जाणे हे मराठवाड्यातल्या कितीतरी घरांचे नेहमीचे काम होते, अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे.

पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी या बटणाला मोबाईल जोडला. ‘नॅनो गणेश’ हे त्यांच्या उपकरणाचे नाव. 2009 साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळाले. आता अशा पेट्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या मिळतात आणि गावाकडे सगळ्यांना सरसकट ‘मोबाईल स्टार्टर’ म्हणतात. पेटीत एक सिमकार्ड असते. घरातून फोन लावायचा, लाइट आहे का ते कळते, मोटार चालू आहे की बंद ते कळते, आणि चालू-बंदही करता येते.

या पेटीची एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. फोन मोटारीला जात नाही, पेटीला जातो. मोटारीला वीज खांबावरून येते, पेटीला हुकूम मोबाईल टॉवरवरून येतो. मोटार जळालेली असो, अडकलेली असो, पेटीला बोलण्यासाठी तिची परवानगी लागत नाही. जिला दुरुस्त करायचे तिच्यावर दुरुस्तीची वाट अवलंबून नाही. एवढे कळले की या प्रकरणाचे मर्म हाती आले. पुढचे सगळे त्याचाच तपशील आहे.

*

आता विहिरीवरून तहसील कचेरीकडे येऊ. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाराष्ट्रात 1 मे 2018 पासून मिळू लागला. तेव्हापासून उमरगा असो की परंडा, सेवा केंद्राच्या खिडकीवर एक वाक्य सगळ्यांना पाठ झाले आहे: “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” खिडकीपलीकडच्या मुलाच्या हातात काहीच नसते. राज्याचे डेटा सेंटर मुंबईत, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे एक मोठे केंद्र पुण्यात. अशा खोल्यांत माणसे फार थोडी असतात. ओळीने उभी कपाटे, थंड हवा आणि पंख्यांचा न थांबणारा घोंगावा. सर्व्हर सांभाळणारी माणसेही बहुधा दुसऱ्याच इमारतीत, कधी दुसऱ्याच शहरात बसलेली असतात.

‘डाऊन’ या शब्दात पुष्कळ वेगवेगळे आजार लपलेले असतात. वीज गेली असेल, डिस्क भरली असेल, ऑपरेटिंग सिस्टिम अडकली असेल, एखादा प्रोसेसर तापला असेल, किंवा मशीन ठणठणीत असून फक्त नेटवर्कची तार निसटली असेल. बाहेरून पाहणाऱ्याला या सगळ्यांत काडीचा फरक दिसत नाही, कारण प्रत्येक वेळी उत्तर एकच: शांतता. म्हणून दुरून व्यवस्थापन करणाऱ्याची पहिली गरज दुरुस्तीची नसते. शांततेमागे नेमके काय आहे हे कळण्याची असते.

सर्व्हरशी दुरून बोलण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये लॉगिन करणे. लिनक्स असेल तर एसएसएच, विंडोज असेल तर रिमोट डेस्कटॉप. मशीन ज्या नेटवर्कवरून लोकांना सातबारा देते त्याच नेटवर्कवरून, तिच्याच सिस्टिमच्या मदतीने आपण आत शिरतो. याला इन-बँड म्हणतात. रोजच्या कामाला तो उत्तम आहे, पण ज्या दिवशी खरी गरज पडते त्याच दिवशी तो बंद असतो. एखाद्या प्रशासकाने रात्री घरी बसून फायरवॉलचा नियम बदलावा, एक आकडा चुकावा आणि त्याचाच धागा तुटावा, हे या धंद्यात प्रत्येकाने पाहिलेले आहे. मशीन व्यवस्थित चालू असते. आपण बाहेर असतो आणि कुलूप आपल्याच हाताने आतून लागलेले असते.

आऊट-ऑफ-बँड म्हणजे या प्रवाहाबाहेरची वाट. शब्द टेलिफोनच्या जगातला आहे. अमेरिकेतल्या जुन्या लांब पल्ल्याच्या लाइनींवर माणसांचे बोलणे आणि एक्स्चेंजला द्यायच्या सूचना एकाच तारेतून, एकाच ध्वनिपट्ट्यातून जात. 2600 हर्ट्झचा सूर म्हणजे ‘लाइन मोकळी झाली’. काही पोरांनी तोच सूर शिट्टीने वाजवून फुकट फोन केले. मग सूचनांसाठी बोलण्यापासून वेगळी वाहिनी काढली गेली. ज्या वाटेने माल जातो त्याच वाटेने हुकूम जाऊ नये, हा धडा तिथून आला.

*

ही वेगळी वाट ब्लेड सर्व्हरमध्ये कशी बांधतात ते पाहू. ब्लेड म्हणजे पाते. नेहमीच्या रॅक सर्व्हरला स्वतःचे पंखे असतात, स्वतःचा वीजपुरवठा असतो, मागे तारांचा गुंता असतो. ब्लेड सर्व्हरमधून हे सगळे काढून घेतलेले असते. उरतो तो प्रोसेसर, मेमरी आणि फारतर एक-दोन डिस्क घेऊन उभे असलेले एक अरुंद पाते. अशी पाती एका मोठ्या पेटीत, म्हणजे चॅसिसमध्ये, पुस्तकासारखी शेजारी शेजारी खोचतात. वीज, हवा आणि नेटवर्क सगळ्यांना पेटी पुरवते. एकत्र कुटुंबात चूल एक आणि खोल्या वेगळ्या असतात, तशी ही मांडणी.

ह्यूस्टनच्या आरएलएक्स कंपनीने 2001 मध्ये 3 यू उंचीच्या पेटीत 24 पाती बसवून दाखवली. यू म्हणजे रॅकमधली एक पायरी, पावणेदोन इंच. त्या पात्यांना तीन नेटवर्क जोडण्या होत्या आणि त्यातली एक व्यवस्थापनासाठी राखलेली होती. इतक्या दाटीने मशीन बसवायच्या तर प्रत्येकीपुढे कीबोर्ड-मॉनिटर ठेवता येणार नाही, हे पहिल्याच पिढीला उमगले होते. 2002 मध्ये आयबीएमचे ब्लेडसेंटर आले, 7 यू मध्ये 14 पाती. 2006 मध्ये एचपीची सी-7000 पेटी आली, 10 यू मध्ये 16 पाती, 10 पंखे आणि 6 वीजपुरवठे. ती पुढे वर्षानुवर्षे जगभरच्या डेटा सेंटरांत उभी राहिली, म्हणून तिच्याच आधाराने पुढचे सांगतो.

प्रत्येक पात्यावर मुख्य प्रोसेसरखेरीज एक लहानसा, वेगळाच संगणक असतो. त्याचे नाव बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, संक्षेपाने बीएमसी. मुंबईकराला या अक्षरांनी महापालिका आठवेल, पण इथे ती नखाएवढी चिप आहे. तिला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची थोडी मेमरी, स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम आणि स्वतःचा नेटवर्क पत्ता असतो. एचपी आपल्या चिपच्या सोयीला आयएलओ म्हणते, डेल आयडीआरएसी म्हणते. इतर अनेक उत्पादकांच्या बोर्डांवर तैवानच्या अस्पीड कंपनीची चिप असते. पाते ‘बंद’ असले तरी ही चिप जागी असते, कारण तिला स्टँडबाय वीज वेगळी मिळते. थ्री फेज गेली तरी गावठाणाची सिंगल फेज चालू असते, घरातला बल्ब जळतो पण मोटार फिरत नाही, तसेच हे. मुख्य यंत्र निजलेले, पण दारावरचा दिवा लागलेला.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिपांशी एकाच भाषेत बोलता यावे म्हणून इंटेल, एचपी, डेल आणि एनईसी यांनी 1998 मध्ये आयपीएमआय हे प्रमाण आणले. 2015 मध्ये त्याच्या जागी रेडफिश हे नवे, वेबच्या पद्धतीने बोलणारे प्रमाण आले. आज नवी यंत्रणा उभी करताना रेडफिशच वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. का, ते पुढे येईल.

*

समजा, रात्री अडीच वाजता सात नंबरचे पाते गप्प झाले आणि त्याची जबाबदारी असलेली अभियंता त्या दिवशी धाराशिवला माहेरी आहे. ती लॅपटॉप उघडते, आधी सुरक्षित बोगद्यातून, म्हणजे व्हीपीएनमधून, व्यवस्थापनाच्या नेटवर्कमध्ये शिरते आणि पेटीच्या व्यवस्थापकाला गाठते. सी-7000 मध्ये त्याला ऑनबोर्ड अॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात. तिथे सोळाही पात्यांचे चित्र दिसते. सात नंबरला वीज आहे, तापमान ठीक आहे, पंखे चालू आहेत. म्हणजे शरीर धड आहे. मग ती घटनांची नोंदवही पाहते. ही वही बीएमसीच्या स्वतःच्या मेमरीत असते, म्हणून पात्याची डिस्क गेली तरी ती वाचता येते. त्या रात्रीच्या नोंदींत मेमरीच्या एका पट्टीने वारंवार चूक दाखवलेली असते.

आता तिला पात्याचा पडदा पाहायचा आहे. बीएमसी व्हिडिओच्या मुळाशी बसलेली असल्यामुळे खोलीत उभ्या माणसाला मॉनिटरवर जे दिसले असते तेच तिला दिसते, अगदी मशीन सुरू होतानाच्या बायॉसच्या अक्षरांपासून. पण गावाकडच्या नेटवर हे चित्र अडखळते. अशा वेळी दुसरा, जुना आणि फार गुणी मार्ग कामाला येतो: सिरियल ओव्हर लॅन. यात फक्त अक्षरे जातात, चित्र नाही. टॉवरची एकच काडी दिसत असतानाही तो चालतो. जिल्ह्याच्या गावातून काम करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या सर्व्हरांवर सिरियल कन्सोल आधीच चालू करून ठेवावा. संकट आल्यावर तो चालू करता येत नाही.

पडद्यावर कर्नल पॅनिकचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच कोसळल्याचा, मजकूर गोठलेला आहे. ती त्याचा फोटो काढून ठेवते, हुकूम देऊन पाते बंद-चालू करते. तेवढ्याने ते उठले नाही तर व्हर्च्युअल मीडिया असतो. दुरुस्तीच्या डिस्कची प्रतिमा अशी जोडायची की पात्याला वाटावे आपल्याला खरोखरच सीडी लावली आहे. ही प्रतिमा लॅपटॉपवरून पाठवायला गेले तर धाराशिवातून सकाळ होईल. ती डेटा सेंटरमध्येच शेजारच्या मशीनवर ठेवलेली असावी आणि इथून फक्त ‘ती जोड’ एवढे सांगावे.

आणि बीएमसीच हँग झाली तर? साध्या रॅक सर्व्हरला अशा वेळी माणूस पाठवून तार उपटावी लागते. ब्लेडमध्ये इथे एक सुंदर सोय आहे. पेटीचा व्यवस्थापक एकेका खणाची वीज पूर्ण तोडून पुन्हा देऊ शकतो, जणू कुणी पाते बाहेर ओढून परत खोचले. चिपसकट सगळे नव्याने जागे होते. विहिरीवरच्या मोबाईल स्टार्टरची पेटी अडकली तर तिला बंद-चालू करणारी दुसरी पेटी नसते. इथे असते.

वीज परत येतानाचा प्रसंगही शेतकऱ्याला ओळखीचा वाटेल. मोटारींना ‘ऑटो’ स्विच लावलेले असतील तर लाइट येताच शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपीवर भार येतो, कधी ती जळते. सोळा पाती एकदम उठली तरी तेच. म्हणून पेटीचा व्यवस्थापक आधी वीजपुरवठ्यांत किती दम आहे ते मोजतो, प्रत्येक पात्याला उठण्याची परवानगी देतो किंवा नाकारतो, आणि सांगितले असेल तर त्यांना ठरावीक अंतराने एकामागून एक उठवतो. डेटाबेसचे पाते आधी, त्याच्यावर विसंबणारी पाती मागून.

या सोयीची दुसरी बाजूही आहे. सोळाही पात्यांच्या बीएमसी पेटीच्या आतल्या जोडणीतून व्यवस्थापकाकडे येतात आणि तिथून एकाच तारेने बाहेर पडतात. व्यवस्थापक गेला की सोळाच्या सोळा एकदम अंधारात. म्हणून सी-7000 मध्ये व्यवस्थापक दोन बसवायची जागा आहे, एक कामावर, एक राखीव. खर्च वाचवायला दुसरा न घेणे ही चुकीची काटकसर आहे.

*

वेगळी वाट खरोखर वेगळी आहे का, हा प्रश्न धाराशिवला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, 3 वाजून 56 मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्री दमून झोपलेल्या गावांवर भूकंप कोसळला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली सास्तूर, होळी, पेठसांगवी, कवठा आणि शेजारच्या लातूरमधले किल्लारी. हजारो माणसे दगड-मातीच्या घरांखाली गेली. अशा पहाटे जिल्ह्याला आणि मुंबईला सगळ्यात आधी जे कळायला हवे असते ते म्हणजे कुठे, किती, काय हवे. पण टेलिफोनचे आणि विजेचे खांब त्याच जमिनीत रोवलेले होते, जी हलली होती. बातमी नेणारी वाट आणि संकटाची जागा एकच.

त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने जे पुनर्वसन झाले त्यात घरांइतकाच महत्त्वाचा, पण कमी बोलला गेलेला भाग होता राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्याचा. मंत्रालयातला नियंत्रण कक्ष उपग्रहाच्या व्हीसॅट जाळ्याने जिल्ह्यांच्या नियंत्रण कक्षांशी जोडला गेला आणि जिल्ह्याखाली व्हीएचएफ बिनतारी यंत्रणा आली. खांब पडले तरी छतावरची तबकडी आकाशाकडे बोलते. रोज लाखो लोक वापरतात ते टेलिफोनचे जाळे एका बाजूला, आणि ते पडल्यावर ‘ते पडले आहे’ हे सांगणारे छोटे, हळू, वेगळे जाळे दुसऱ्या बाजूला. डेटा सेंटरवाले ज्याला आऊट-ऑफ-बँड म्हणतात ते हेच. सास्तूरच्या ढिगाऱ्यांनी ते किती किमतीचे असते हे सांगितले आहे, म्हणून मला हा विषय नुसता तांत्रिक वाटत नाही.

मोठमोठ्यांकडूनही हे सुटते. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास जगभर बंद पडले. देखभालीतल्या एका हुकमाने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारे मुख्य जाळेच तुटले. कंपनीने नंतर सांगितले की मुख्य जाळ्यासोबत त्यांचे आऊट-ऑफ-बँड जाळेही चालत नव्हते, म्हणून अभियंत्यांना प्रत्यक्ष पाठवावे लागले. पुढच्या वर्षी, 8 जुलै 2022 ला, कॅनडातल्या रॉजर्स कंपनीचे फोन आणि इंटरनेट कोसळले. तिथे व्यवस्थापनाचे जाळे मुख्य जाळ्यावरच उभे होते. शिवाय कर्मचारी एकमेकांशी बोलायला आपल्याच कंपनीचे फोन वापरत होते. दुरुस्त करणाऱ्यांना दुरुस्तीच्या जागी पोचता येईना आणि एकमेकांना हाकही मारता येईना.

आपल्याकडे हीच चूक चरात सापडते. दोन कंपन्यांच्या दोन जोडण्या घेतल्या, बिले दोन येतात, मन निवांत. पण सोलापूर-धुळे महामार्गाच्या कडेने दोघांच्या फायबर एकाच चरातून गेल्या असतील तर जेसीबीचे एक फावडे दोन्ही एकदम कापते. कागदावर दोन वाटा, जमिनीत एक. व्यवस्थापनासाठी सिमकार्डवर चालणारी जोडणी ठेवली तर तीही तपासावी: जवळच्या टॉवरला येणारी तार कुठून येते?

*

किल्ल्याच्या मोठ्या दरवाजाला एक दिंडी दरवाजा असतो. रात्री मोठी दारे मिटली की गडावरचा माणूस वाकून त्यातून आत जातो. ही सोय शत्रूलाही माहीत असते, म्हणून तिथला पहारा सैल सोडून चालत नाही. बीएमसी हा सर्व्हरचा दिंडी दरवाजा आहे, आणि तो हाती आला की ऑपरेटिंग सिस्टिमची सगळी कुलपे निरुपयोगी ठरतात. मशीन बंद करता येते, दुसऱ्याच डिस्कवरून सुरू करता येते, पडदा वाचता येतो. आतल्या अँटिव्हायरसला यातले काही दिसत नाही.

2013 मध्ये डॅन फार्मर या सुरक्षातज्ज्ञाने आयपीएमआयचे दोष जगापुढे मांडले. त्यातला एक ऐकून आजही अंगावर काटा येतो. आयपीएमआय 2.0 च्या रचनेतच असे आहे की कुणीही बाहेरून येऊन एखादे खरे वापरकर्ता-नाव सांगितले तर सर्व्हर त्याची ओळख पटण्याआधीच पासवर्डचा हॅश, म्हणजे पासवर्डाचा गुंफलेला ठसा, त्याच्या हातात देतो. घरी बसून तो ठसा फोडत बसायला मग चोर मोकळा. हा प्रोग्राममधला दोष नाही, प्रमाणातलाच आहे, म्हणून पॅच लावून तो जात नाही. रेडफिशकडे वळावे असे मी म्हणतो ते यामुळे. 2017 मध्ये एचपीच्या आयएलओ-4 मध्ये सापडलेला दोष तर त्याहून साधा होता: विनंतीच्या एका ओळीत इंग्रजी ‘ए’ हे अक्षर 29 वेळा लिहिले की पासवर्ड न विचारता दार उघडत असे. कंपनीने दुरुस्ती दिली, पण ज्यांनी फर्मवेअर बदलले नाही त्यांची दारे तशीच राहिली. रोजची सिस्टिम सगळे अद्ययावत करतात. बीएमसीचे फर्मवेअर मात्र बसवल्या दिवसाचेच राहते, आणि कारखान्यातून आलेला पासवर्डही.

म्हणून व्यवस्थापनाचे जाळे इंटरनेटवर उघडे ठेवायचे नाही, हा नियम अपवादाविना पाळायचा. ते वेगळ्या स्विचवर, वेगळ्या पत्त्यांवर, आणि आत यायला एकच पहारा असलेला रस्ता. आयपीएमआयची गरज नसेल तर ते बंद करावे. त्याची खिडकी 623 क्रमांकाच्या पोर्टवर असते.

शेवटी उरतात त्या छोट्या गाठी, ज्या कुठल्या आराखड्यात दिसत नाहीत. व्यवस्थापकाचा पत्ता नावाने लिहिलेला असतो आणि ते नाव सोडवणारा डीएनएस सर्व्हर त्याच पेटीतल्या चार नंबरच्या पात्यावर चालत असतो. पासवर्ड ज्या तिजोरी-सॉफ्टवेअरमध्ये ठेवले, ते नऊ नंबरच्या पात्यावर. व्हीपीएनची ओळख पटवणारी यंत्रणा अकरा नंबरवर. पेटी पडली की वेगळ्या वाटेची प्रत्येक किल्ली त्याच पेटीत अडकलेली. अशा खोलीत काम करणाऱ्या जुन्या माणसांच्या ड्रॉवरमध्ये एक जाड वही असते. तिच्यात सगळ्या व्यवस्थापकांचे आकडी पत्ते पेनाने लिहिलेले असतात, शेजारी सीलबंद पाकीट. दर तीन महिन्यांनी एका ठरलेल्या रात्री ते मुख्य तार स्वतःच्या हाताने काढतात, बाहेर जाऊन वहीतला पहिला पत्ता टाईप करतात आणि दार उघडते का ते पाहतात.